जुन्या मोटारीचा तोल

मोटार वळण घेऊं लागली म्हणजे आंत बसलेलीं माणसें बाहेरच्या बाजूस कां कलतात, हा प्रश्न गतिशास्त्राचा धडा चालूं असतां आमच्या वर्गांत दरवर्षीं कोणी ना कोणी विचारतोच; आणि दरवर्षीं आम्ही फळ्यावर एक वर्तुळ काढून व त्यावर दोन बाण दाखवून त्याचें उत्तर देतों. विद्यार्थी तें उत्तर वहींत उतरून घेतात, परीक्षेंत लिहितात आणि विसरून जातात. त्यांस दोष देण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. कारण त्या दोन बाणांचा खरा अर्थ आम्हांसहि फळ्यावर समजला नव्हता. तो नांदेडहून लातुरास जातांना, माळेगांवच्या पुढें, एका ओल्या वळणावर समजला. ती हकीगत व तिच्या निमित्तानें आम्ही जें थोडेंफार शिकलों तें आमच्या विद्यार्थ्यांपुढें ठेवण्याचें या लेखांत योजिलें आहे. ज्यांच्या घरीं जुनी मोटार आहे त्यांस त्याचा प्रत्यक्ष उपयोग होईल. ज्यांच्या घरीं नाहीं त्यांस निदान पदार्थविज्ञानाचें एक प्रकरण जिवंत होईल.

आमच्या वडिलांनीं 1986 सालीं प्रीमियर पद्मिनी नांवाची मोटार विकत घेतली. ती दारांत आली त्या दिवशीं गल्लींतील मुलांनीं तिच्याभोंवतीं केलेली गर्दी आम्हांस अद्याप आठवते. पुढें वडील गेले, घरहि बदललें, पण गाडी राहिली. आजच्या विद्यार्थ्यांनीं ही गाडी बहुधा चित्रपटांतच पाहिली असेल. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिची ख्याति होती, आणि तेथील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत 2023 सालच्या ऑक्टोबर महिन्यांत संपली.

ही गाडी जन्मानें इटालियन व संगोपनानें महाराष्ट्रीय होय. इटलींतील ट्युरिन शहरच्या फियाट कंपनीनें 1953 सालीं जिनिव्हाच्या प्रदर्शनांत 'अकराशें' या आंकड्यानें ओळखली जाणारी नवी मोटार मांडली. दान्ते जाकोसा हे तिचे रचनाकार. इकडे सोलापुरांत 1882 सालीं जन्मलेले उद्योगपति वालचंद हिराचंद यांनीं 1944 सालीं प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली होती. तिच्या कुर्ला येथील कारखान्यांतून ही इटालियन मोटार बाहेर पडूं लागली. 1964 च्या सुमारास तिचा 'डिलाइट' हा अवतार झाला, मागून 'प्रेसिडेंट' झाला, आणि 1974 सालीं तिला 'पद्मिनी' हें नांव मिळालें. इसवी सन 2000 च्या सुमारास तिचें उत्पादन थांबलें. 1089 घनसेंटिमीटरचें इंजिन, स्टेअरिंगच्या दांड्यावरच बसविलेला गिअर आणि वेगळ्या सांगाड्यावांचून एकसंध उभारलेलें अंग, हीं तिचीं मुख्य लक्षणें. तिची चाल कशी असेल हें मात्र यांपैकीं एकाहि लक्षणावरून कळत नाहीं. त्यासाठीं गाडीखालीं वांकून पाहावें लागतें.

वांकून पाहिलें तर मागच्या बाजूस एकच आडवा आंस दिसतो. तो पोलादी पाट्यांच्या दोन कमानींवर टेकलेला असतो. बैलगाडीच्या आंसाशीं त्याचें नातें कोणासहि ओळखतां येईल. पुढची रचना निराळी आहे. तेथें डाव्या व उजव्या चाकांस जोडणारा आंस मुळींच नाहीं. प्रत्येक चाक वर एक व खालीं एक अशा दोन आडव्या भुजांनीं अंगाला जोडलेलें असतें. मिस्त्री लोक त्यांस वरचा आर्म व खालचा आर्म म्हणतात. या भुजा बिजागरीप्रमाणें वरखालीं हलतात. त्यांच्या बाहेरच्या टोकांस किंगपिन नांवाची उभी पोलादी खीळ असते आणि स्टेअरिंग फिरविलें म्हणजे चाक तिच्याभोंवतीं वळतें. पुढच्या अंगाचा सगळा भार दोन वेटोळ्या स्प्रिंगांवर असतो.

या रचनेकडून दोन कामें अपेक्षित असतात. चाक खड्ड्यांत गेलें तरी अंगानें त्याच्यामागें खड्ड्यांत जाऊं नये, हें एक. आणि रस्ता कितीहि वाईट असला तरी चाकानें जमीन सोडूं नये, हें दुसरें. पहिलें काम सुखाचें आहे, दुसरें जिवाचें. कारण चाक जमिनीला टेकलेलें असेल तोंवरच स्टेअरिंगला व ब्रेकला कांहीं अर्थ आहे. अधांतरीं असलेलें चाक कोणाचेंच ऐकत नाहीं.

स्प्रिंगचा नियम आपल्या पुस्तकांत आहेच. रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञानें तो 1678 सालीं प्रसिद्ध केला: जितका भार तितका दाब, भार दुप्पट तर दाब दुप्पट. परंतु स्प्रिंगला एक खोड आहे. दाबून सोडली कीं ती मूळ जागीं येऊन थांबत नाहीं. पुढें जाते, मागें येते आणि नाचत राहते. हें नाचणें थांबविण्यासाठीं तिच्या जोडीला शॉक-ॲब्सॉर्बर असतो. नांवावरून तो धक्का खातो असें वाटतें. वास्तविक धक्का खाते ती स्प्रिंग. शॉक-ॲब्सॉर्बर स्प्रिंगचा नाच खातो. त्याच्या नळींत तेल व दट्ट्या असतो. दट्ट्या हलला म्हणजे तेलाला बारीक छिद्रांतून जावें लागतें, आणि नाचण्यांतील शक्ति तेलाच्या उष्णतेंत रूपांतर पावते. खराब रस्त्यावरून आल्यावर या नळीस हात लावून पाहावा, ती कोमट लागते. ऊर्जेच्या अविनाशित्वाचा याहून सोपा पुरावा आम्हांस ठाऊक नाहीं.

आतां तिसरा अवयव, आणि आमच्या हकीगतीचें मूळ. पुढच्या दोन चाकांच्या मध्यें इंग्रजी यू अक्षरासारखी वांकविलेली एक पोलादी दांडी असते. तिचा मधला लांब भाग अंगाखालीं दोन रबरी बुशांत धरलेला असतो आणि तिचीं दोन टोकें दोन्हीकडच्या खालच्या आर्मांशीं जोडलेलीं असतात. मिस्त्री तिला स्टॅबिलायझर म्हणतात. आपण तिला तोलाची दांडी म्हणूं. कॅनडांतील फ्रेडरिक्टन गांवच्या स्टीफन कोलमन नांवाच्या गृहस्थाला अशा दांडीचें पेटंट 1919 सालीं मिळालें होतें.

या दांडीची करामत अशी. दोन्ही चाकें एकाच वेळीं सारखीं वर गेलीं, तर दांडी आपल्या बुशांत नुसती फिरते. कोणास विरोध करीत नाहीं. परंतु एक चाक वर व दुसरें खालीं असें झालें, तर तिचीं टोकें उलट दिशांनीं ओढलीं जातात आणि ती पिळली जाते. पिळलेलें पोलाद पूर्ववत् होऊं पाहतें, आणि तसें होतांना दोन्ही चाकांस अंगाच्या मानानें एका पातळींत आणूं पाहतें. वळणावर गाडी बाहेरच्या अंगास कलते, तेव्हां नेमकें हेंच घडतें: बाहेरच्या चाकाची स्प्रिंग दाबली जाते, आंतल्याची सैल होते, दांडी पिळते आणि अंगाचें कलणें आवरतें.

दांडी जितकी जाड तितकी ती पिळण्यास कठीण. हें सांगावयास शास्त्र नको. परंतु किती कठीण? येथें पुष्कळांची कल्पना चुकते. दांडीची लांबी व घडण तीच ठेवून व्यास दुप्पट केला तर कठीणपणा दुप्पट होत नाहीं, चौपटहि होत नाहीं; तो सोळापट होतो. पिळण्याचा विरोध व्यासाच्या चतुर्थ घातानें वाढतो. समजा, मूळ दांडी 16 मिलिमीटरची आहे. तिच्या जागीं 18 मिलिमीटरची घातली तर विरोध 1.6 पट होईल. 20 ची घातली तर जवळजवळ अडीचपट. आणि 22 ची घातली तर साडेतीनपटींहून अधिक. डोळ्यांना फरक सुताएवढा दिसतो, पण चाकांना तो डोंगराएवढा वाटतो. एके काळीं आपल्याकडील प्रत्येक कचेरीपुढें उभी असणारी आणि 2014 सालीं बंद पडलेली ॲम्बॅसडर मोटारहि याच नियमावर चालत असे. तिच्या पुढच्या चाकांस वेटोळी स्प्रिंग नव्हती. पिळली जाणारी लांब दांडी हीच तिची स्प्रिंग होती.

हा चतुर्थ घाताचा नियम आम्हांस पाठ होता. तरीहि 2009 सालच्या उन्हाळ्यांत आम्ही चुकलों तें असें. गाडी तेव्हां तेवीस वर्षांची झाली होती आणि वळणांवर फार डुलूं लागली होती. मागें बसणारांस मळमळ होई. "ही मोटार आहे कीं होडी?" असें आमची आई विचारी. कोणी तरी आम्हांस सांगितलें कीं, पुढची दांडी जाड केली व स्प्रिंगा कडक घातल्या कीं जुनी गाडी नव्यासारखी चालते; मोटारींच्या शर्यतींत असेंच करतात. आम्हीं गाडी एका मिस्त्र्याकडे नेली व तसें करावयास सांगितलें. त्यानें एकदां विचारलें, "नक्की ना, सर?" आम्हीं नक्की म्हटलें. त्यानें सांगितलें तेवढें काम नीट केलें, सबब त्यास बोल लावण्यास जागा नाहीं.

नांदेड शहरांतील सपाट रस्त्यांवर गाडी खरोखरच सुधारलेली भासली. गोदावरीच्या पुलावरून ती अशी सरळ व ताठ गेली कीं, आम्हीं मनांत स्वतःची पाठ थोपटून घेतली. जुलै महिन्यांत बहिणीच्या मुलास पाहण्यासाठीं आईला घेऊन आम्ही लातुरास निघालों. लोहा, माळेगांव, अहमदपूर, चाकूर असा तो मार्ग. आज तो राष्ट्रीय महामार्ग 361 म्हणून ओळखला जातो. त्या वेळीं तो अरुंद होता. लोह्यापर्यंतच एक गोष्ट ध्यानांत आली होती. रस्त्याची कड जेथें तुटलेली होती तेथें पूर्वीं एकच चाक आपटत असे. आतां सबंध गाडी डावी-उजवी झोके खात होती. आम्हीं तिकडे दुर्लक्ष केलें.

माळेगांव मागें पडलें आणि पावसाची भुरभुर सुरू झाली. धूळ व डिझेल यांवर पडलेला पहिला पाऊस रस्त्यास साबण लावल्यासारखें करतो, हें चालविणारास सांगावयास नको. पुढें डावीकडे वळण होतें. वेग ताशीं पन्नासच्या आसपास असेल. आम्हीं स्टेअरिंग फिरविलें. तें हातांत एकाएकीं हलकें झालें आणि गाडीचें तोंड वळण्याऐवजीं सरळच जाऊं लागलें. समोरून एक ट्रक येत होता. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, स्टेअरिंग किंचित् सोडलें, पुन्हां धरलें. ट्रक हॉर्न वाजवीत निघून गेला, आणि आमची गाडी उजवीकडच्या मुरुमावर जाऊन एका बाभळीपासून चारपांच हातांवर उभी राहिली. कोणास इजा झाली नाहीं. आईच्या मांडीवर लाडवांचा डबा होता, तो तिनें दोन्ही हातांनीं तसाच घट्ट धरलेला होता. बऱ्याच वेळानें ती म्हणाली, "पूर्वीं डुलत होती, पण वळत होती."

त्या एका वाक्यांत सगळें शास्त्र आहे. तें उलगडण्यासाठीं फळ्यावरील दोन बाणांकडे जाऊं. समजा, माणसांसह गाडीचें वजन 1200 किलो आहे, वळणाची त्रिज्या 60 मीटर आहे आणि वेग ताशीं 50 किलोमीटर, म्हणजे सेकंदास सुमारें 13.9 मीटर आहे. वेगाच्या वर्गास त्रिज्येनें भागिलें असतां केंद्राकडील त्वरण सुमारें 3.2 येतें, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या जवळजवळ एकतृतीयांश. गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून 55 सेंटिमीटर उंच आणि डाव्या-उजव्या चाकांतील अंतर 123 सेंटिमीटर धरलें, तर आंतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकणारा भार सुमारें 175 किलो भरतो. वेग 60 केला तर तोच भार 250 किलोंवर जातो. वेग एकपंचमांशानें वाढला, पण भार जवळजवळ दीडपट झाला.

आतां या हिशेबाकडे पुन्हां पाहावें. त्यांत वजन आहे, वेग आहे, उंची आहे, रुंदी आहे. परंतु स्प्रिंगचें नांव नाहीं आणि दांडीचेंहि नाहीं. दांडी कितीहि जाड केली तरी बाहेरच्या चाकांवर सरकणारा एकूण भार, किरकोळ फरक सोडल्यास, कमी होत नाहीं. दांडी दोनच गोष्टी ठरविते: अंग किती कलावें, आणि त्या सरकणाऱ्या भारापैकीं पुढच्या चाकांच्या जोडीनें किती पेलावा व मागच्या जोडीनें किती. पुढची बाजू कडक केली कीं तिच्या वांट्याला अधिक भार येतो.

यांत बिघडलें काय, असें कोणी विचारील. बिघडतें तें असें. टायरवरील भार वाढला कीं त्याची रस्त्यावरील पकड वाढते खरी, पण त्याच प्रमाणांत वाढत नाहीं. दोन मजुरांनीं एकेक पोतें उचललें तर दोन्ही पोतीं वेळेवर पोंचतात. एकाच्याच पाठीवर दोन्ही दिलीं आणि दुसरा मोकळा चालला, तर पहिला अडखळतो व मोकळ्याचा उपयोग होत नाहीं. पुढच्या जोडींत नेमकें असेंच घडतें. बाहेरचें चाक ओझ्याखालीं, आंतलें जवळजवळ रिकामें. म्हणून दोहोंची मिळून पकड कमी होते. मागच्या चाकांची पकड शाबूत असते, पण पुढचीं घसरूं लागतात, आणि गाडी वळणाबाहेर सरळ निघते. आमची गाडी डुलेनाशी झाली म्हणून आम्ही ती सुधारली असें समजलों. वास्तविक तिनें डुलून जी सूचना द्यावयाची ती देण्याचें तिचें तोंड आम्हीं बंद केलें होतें. डुलणारी गाडी चालविणारास भीति घालते व वेग कमी करावयास लावते. ताठ गाडी शेवटच्या क्षणापर्यंत कांहीं बोलत नाहीं.

त्या दिवशीं आम्ही हळूहळू लातुरास पोंचलों आणि दुसऱ्या दिवशीं तेथील एका वृद्ध मिस्त्र्याकडे गाडी नेली. सर्व लोक त्यांस चाचा म्हणत. आम्हीहि म्हणूं लागलों. त्यांनीं गाडीखालीं पाहिलें आणि विचारलें, "सर, दांडी कां जाड केली?" आम्हीं सांगितलें, गाडी डुलत होती म्हणून. "डुलत कां होती?" या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हतें. चाचा म्हणाले, "आधीं दुखणें बघा, मग औषध द्या. नवी असतांना ही गाडी अशी डुलत होती का?" नव्हती, हें आम्हांस पक्कें आठवत होतें.

मग त्यांनीं जें केलें तें प्रयोगशाळेंतील कोणत्याहि प्रयोगाइतकें पद्धतशीर होतें. प्रथम गाडीचा पुढचा कोपरा दोन्ही हातांनीं दाबला व सोडून दिला. चांगला शॉक-ॲब्सॉर्बर असेल तर अंग एकदां वर येऊन शांत होतें. आमचें तीनचार वेळां नाचलें. नळ्यांवर तेलाचे ओघळ होते. आंत तेल उरलेलें नव्हतें. मग जॅक लावून चाक उचललें आणि वरखालीं धरून हलविलें. किंगपिन झिजल्याचा खडखडाट ऐकूं आला. मग आर्मांचे बुश पाहिले. रबर वाळून फाटलें होतें. शेवटीं म्हणाले, "जुनी दांडी कोठें आहे?" ती नांदेडास घरीं पडली होती. पुढच्या आठवड्यांत आम्हीं ती नेऊन दिली. दांडी धडधाकट होती; जे बुश तिला धरीत असत तेच झिजून भोंकें मोठीं झालीं होतीं.

येथें उलगडा झाला. विहिरीच्या पोहऱ्याचा दोर सैल असेल तर आधींचे चार हात ओढण्यांत पोहरा हलतच नाहीं. दोर ताठ झाला म्हणजे मग पाणी वर येऊं लागतें. झिजलेल्या बुशांतील दांडीचें तसेंच आहे. गाडी बरीचशी कलून ती सैल जागा भरून निघेपर्यंत दांडी पिळण्यास आरंभच करीत नाहीं. आमच्या गाडींत दांडी होती, पण ती नसल्यासारखीच होती. आम्हीं दुर्बळ झालेल्या सर्व अवयवांकडे पाठ फिरवून एकट्या निरोगी अवयवाची बदली केली होती.

चाचांनीं जुनी दांडी परत बसविली, तिचे व आर्मांचे बुश नवे घातले, किंगपिन बदलले, चारी शॉक-ॲब्सॉर्बर बदलले, स्प्रिंगा मूळ मापाच्या घातल्या, चाकांचें अलाइनमेंट केलें व टायरांतील हवा तपासली. गाडी अगदींच डुलेनाशी झाली असें नाहीं. नवी असतांना जितकी डुले तितकीच डुलूं लागली, आणि चाक फिरविलें कीं तोंड वळवूं लागली. परत येतांना माळेगांवच्या अलीकडील त्या वळणावर आई कांहीं बोलली नाहीं; डबा मात्र तिनें बाजूस ठेवला होता.

या प्रांतांतल्या रस्त्यांविषयीं येथें दोन शब्द लिहिणें आवश्यक आहे. नांदेड-लातुराकडील काळी रेगडी माती पाणी प्याली कीं फुगते आणि उन्हाळ्यांत आकसून भेगाळते. तिच्यावर बांधलेला रस्ता वर्षानुवर्षें या फुगण्या-आकसण्यावर तरंगत असतो. प्रथम कडा खचतात, मग डांबर लाटेसारखें होतें. त्यांतून ऊस कारखान्यांकडे जाणाऱ्या ट्रॉल्या समोरून आल्या कीं डावीं चाकें कडेखालीं उतरवावीं लागतात. म्हणजे आपल्याकडे एकाच बाजूचें चाक खालीं-वर होण्याचा प्रसंग पावलोपावलीं येतो. तोलाच्या दांडीचा स्वभाव आपण पाहिला: एक चाक हललें कीं ती दुसऱ्यासहि ओढते. ती बेताची असेल तर हा त्रास जाणवत नाहीं. फार जाड असेल तर डाव्या चाकाचा खड्डा उजव्या चाकालाहि भोगावा लागतो. गुळगुळीत शर्यतीच्या मार्गावर जी दांडी वरदान ठरेल तीच तुटक्या कडेवर शाप ठरते. दुसऱ्या देशाच्या रस्त्यावरील उपाय येथें जसाचा तसा आणणें धोक्याचें, तें याच कारणास्तव.

याचा अर्थ जुन्या गाडींत कोणतीच सुधारणा करूं नये असा नव्हे. परंतु सुधारणेस क्रम असावा. प्रथम झिजलेलें तें मूळ मापावर आणावें: बुश, किंगपिन, आर्मांचे सांधे. नंतर शॉक-ॲब्सॉर्बर पाहावे. मग टायर, हवा व अलाइनमेंट. इतकें झाल्यावर गाडी चालवून पाहावी. बहुतेकांस पुढें कांहीं करण्याची गरजच वाटणार नाहीं. वाटलीच तर दांडी अगदीं थोड्या फरकानें जाड करावी, पुढच्या बाजूबरोबर मागच्याचाहि विचार करावा, आणि एका वेळीं एकच फेरफार करून मोकळ्या मैदानांत, कमी वेगानें, तो पारखून पाहावा. दोन फेरफार एकदम केले तर कोणत्याचा परिणाम कोणता, हें देवासच ठाऊक.

कायद्याकडेहि लक्ष द्यावें. मोटार वाहन कायदा 1988 याच्या 52 व्या कलमानें, नोंदणींतील तपशील बनविणाराच्या मूळ तपशिलाहून वेगळे होतील असा फेरफार करण्यास मनाई केली आहे. म्हणून मोठा बदल करण्यापूर्वीं परिवहन कचेरींत विचारणें शहाणपणाचें. शिवाय 2021 सालीं केंद्र सरकारनें पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठीं स्वतंत्र नोंदणीचे नियम केले, त्यांतील मुख्य अट गाडी मूळ रूपांत राखलेली असावी ही आहे. आमच्या पद्मिनीला 2036 सालीं पन्नास वर्षें पुरीं होतील. तोंवर तिला व आम्हांस आयुष्य लाभलें तर तिच्या मूळ दांडीचा आम्हांस अभिमानच वाटेल.

शेवटीं आमच्या विद्यार्थ्यांसाठीं एक प्रयोग. लोखंडी सामानाच्या दुकानांतून एक बारीक व एक तिच्या दीडपट जाड अशा दोन सारख्या लांबीच्या तारा आणाव्या आणि दोहोंस यू अक्षरासारखें वांकवावें. मधला भाग टेबलाच्या कडेवर मित्राला बोटांच्या पकडींत सैलसा धरावयास सांगावें. प्रथम दोन्ही टोकें एकदम उचलावीं: तार नुसती फिरेल. मग एक टोंक उचलून दुसरें दाबावें: तार विरोध करील. जाड तारेचा विरोध बारीक तारेच्या पांचपट असावयास पाहिजे, कारण दीडचा चतुर्थ घात पांचाहून थोडा अधिक भरतो. शेवटीं मित्राला पकड फार सैल करावयास सांगून जाड तार पुन्हां पिळून पाहावी. टोकें बरींच हलतील आणि तार जवळजवळ कांहींच विरोध करणार नाहीं. माळेगांवच्या वळणावर आम्हांस जें शिकावें लागलें तें वर्गांत बसून, कोणताहि जीव धोक्यांत न घालतां, पांच मिनिटांत शिकतां येईल.

वस्तु बिघडली म्हणजे तिच्यांत कांहीं तरी अधिक मजबूत घालावें, ही आपली पहिली बुद्धि असते. ती नेहमींच चुकीची असते असें नाहीं. परंतु त्याआधीं, ती वस्तु नवी असतांना कशी होती व तेव्हांपासून तिच्यांतील काय झिजलें, एवढें विचारण्याची संवय आपण लावून घेतली, तर पुष्कळ खर्च वांचेल आणि क्वचित् प्रसंगीं प्राणहि.